काळ्या कागदावरचे शहर

आमच्या घरी केबल आली तेव्हा मी सातवीत होतो. मराठवाड्यातल्या आमच्या औरंगपुऱ्यातल्या गच्च्यांवरून काळ्या वायरी एका घरातून दुसऱ्या घरात उड्या मारत जात, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केबलवाला वही घेऊन जिन्यात उभा राहत असे. त्या दिवसांतली एक संध्याकाळ लख्ख आठवते. आजी मेथी निवडत बसली होती. समोर कार्टून चालू होते. पडद्यावर कोठडीत एक माणूस एकटाच बसला होता. त्याच्या हातात काचेचा गोळा होता, गोळ्यात नाचणारी इवलीशी बाहुली आणि तिच्यावर पडणारा बर्फ. तो इंग्रजीत काही बोलत होता. मला त्यातले फारसे समजत नव्हते, आजीला तर काहीच नाही. तिने मेथीची काडी तशीच हातात धरली आणि विचारले, "याचं कोण गेलं रे?"

उत्तर मला काही वर्षांनी कळले. त्याची बायको. 'बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज' या मालिकेतला तो 'हार्ट ऑफ आइस' नावाचा भाग होता. अमेरिकेत ७ सप्टेंबर १९९२ रोजी, मुलांसाठी राखलेल्या वेळेत तो पहिल्यांदा दाखवला गेला. मुलांच्या कार्टूनमधला खलनायक बायकोच्या आठवणीने खचतो आणि पाहणाऱ्याला त्याची दया येते, ही गोष्ट त्याआधीची कित्येक वर्षे तिथे जवळजवळ अशक्य होती. नियमच तसे होते.

ते नियम आले कॉमिक्समधून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गुन्हेगारीच्या आणि भयकथांच्या कॉमिक्सचा सुळसुळाट झाला होता. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्दॅम या मनोविकारतज्ज्ञाने 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक लिहून मुलांच्या गुन्हेगारीचे खापर या अंकांवर फोडले. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि वर्दॅमने तिथे साक्ष दिली. हा माणूस हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी दवाखाना चालवत असे, त्याची मुलांबद्दलची कळकळ खरी होती. मात्र पुढे त्याची कागदपत्रे अभ्यासकांसाठी खुली झाली, तेव्हा त्याने मुलांच्या जबान्यांत सोयीचे फेरफार केल्याचे उघड झाले. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. सरकारी कायदा येईल या धास्तीने प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता करून घेतली. तिचा शिक्का नसलेला अंक बहुतेक विक्रेते दुकानात ठेवेनात. त्या संहितेत एक कलम असे होते की गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल अशा रीतीने गुन्हा कधीही दाखवू नये.

हे एक कलम मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. रक्त दाखवू नका, हे समजण्यासारखे आहे. पण वाईट वागणाऱ्या माणसालाही काही दुखते, हे मुलांना सांगू नका, असे म्हणणे म्हणजे गोष्टीचा प्राणच काढून घेणे.

टीव्हीवर हीच गोष्ट थोड्या उशिरा घडली. साठच्या दशकाच्या मध्यावर शनिवारच्या सकाळी सुपरहिरोंच्या कार्टूनची रेलचेल होती. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची. देश हादरला आणि टीव्हीवरच्या हिंसेकडे लोक संशयाने पाहू लागले. त्याच वर्षी पेगी चॅरेन यांनी इतर पालकांना बरोबर घेऊन मुलांच्या टीव्हीवर लक्ष ठेवणारी संघटना उभी केली. वाहिन्यांनी मारामारीची कार्टून भराभर काढून टाकली. १९७३ मध्ये 'सुपर फ्रेंड्स' आले, त्यात सुपरमॅन आणि बॅटमॅन होते खरे, पण त्यांना कोणाला ठोसाही मारता येत नसे. त्यांच्यासमोर येत ते बहुधा वाट चुकलेले शास्त्रज्ञ, जे शेवटी समजूत पटून घरी जात. पुढची जवळजवळ वीस वर्षे अमेरिकन कार्टूनमध्ये सहसा कोणी मरत नसे आणि म्हणून सहसा कोणी शोकही करत नसे.

आपल्याकडे याच काळात मुले काय वाचत होती? मराठी 'चांदोबा' १९५२ पासून निघत होता आणि त्यात महिन्यामागून महिने विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालला होता. १९६४ पासून मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' निघू लागले. त्यातला ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ झाला. त्याच्या देशाच्या नावात बंगालचा भास होतो म्हणून आपल्याकडे त्याचे 'डेंकाली' केले गेले. हा वेताळ शपथ घेतो ती बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून. औरंगपुऱ्यातल्या नाथ मंदिरात कीर्तन असले की पहिल्या ओळीत आम्ही पोरेच असायचो. बुवा नरसिंह रंगवत, उंबरठ्यावर हिरण्यकशिपूचे पोट फाडले जाई, आणि नंतर आम्ही प्रसादाचे खोबरे चघळत घरी जायचो. मुलांना अंधाराची गोष्ट सांगायची नाही, असा दंडक या मातीत कधी नव्हता. गोष्ट सांगणारे माणूस शेजारी बसलेले असे, एवढेच.

अमेरिकेत बांध फुटला तो १९८९ नंतर. टिम बर्टनचा 'बॅटमॅन' चित्रपट तुफान चालला आणि वॉर्नर ब्रदर्सच्या ॲनिमेशन विभागाने या नायकावर मालिका करायची ठरवले. विभागाच्या प्रमुख जीन मकर्डी यांनी कर्मचाऱ्यांकडून कल्पना मागवल्या. ब्रूस टिम याने कोनदार जबड्याचा, अगदी कमी रेषांचा बॅटमॅन काढून आणला, एरिक रॅडोमस्कीने शहराची चित्रे आणली. दोघांना मालिका चालवण्याचा अनुभव नव्हता. त्यांनी मिळून सुमारे दोन मिनिटांची एक छोटी फिल्म केली आणि मालिका त्यांच्या हाती आली.

रॅडोमस्कीची करामत साधी होती. कार्टूनची पार्श्वभूमी पांढऱ्या कागदावर रंगवत, त्याने ती काळ्या कागदावर रंगवायला सांगितली. पांढऱ्या कागदावर अंधार रंगवावा लागतो. काळ्या कागदावर अंधार आधीच असतो, रंगवायचा तो उजेड. खिडकीची चौकट, दिव्याचे वर्तुळ, धुराची कड. त्यामुळे बॅटमॅनच्या गॉथम शहरात रात्र आली असे वाटतच नाही, तिथे रात्र मुळापासूनच आहे. घरे आणि मोटारी १९४०च्या वळणाच्या, पोलिसांची विमाने फुग्यांसारखी हवेत तरंगणारी. मॅक्स फ्लायशरच्या स्टुडिओने १९४१ पासून चित्रपटगृहांसाठी सुपरमॅनच्या देखण्या लघुफिल्म काढल्या होत्या, त्यांचा प्रभाव टिमने वेळोवेळी बोलून दाखवला आहे. म्हणजे नियमांचे युग सुरू होण्याआधी जिथे धागा तुटला होता तिथूनच ही माणसे तो पुन्हा उचलत होती.

मालिका दाखवणार होती फॉक्स वाहिनी, आणि तिथे एकेक भाग तपासला जाई. टिमने त्या काळात गमतीने काढलेले एक चित्र पुढे प्रसिद्ध झाले. निषिद्ध असलेली प्रत्येक गोष्ट त्याने त्या एकाच चित्रात कोंबली होती : बंदूक, अमली पदार्थ, फुटणारी काच, दारू, सिगारेट, नग्नता, संकटातले मूल, धर्म, गळा दाबणे. तरीही या मालिकेला इतरांपेक्षा बरीच मोकळीक मिळाली. तिच्यातल्या गुंडांच्या हाती खऱ्यासारखी दिसणारी पिस्तुले होती. त्याच दशकातल्या इतर कार्टूनमध्ये तिथे रंगीत किरण सोडणारी खेळणी असत. गोळी सुटे, पण ती माणसाला लागताना दिसत नसे.

मालिकेचे मोठेपण या अडचणीतून आले, असे माझे मत आहे. मरण दाखवायची बंदी होती, म्हणून त्यांनी मरणानंतर उरलेले माणूस दाखवले.

'रॉबिन्स रेकनिंग' या दोन भागांच्या कथेत पुढे रॉबिन होणाऱ्या लहानग्या डिक ग्रेसनचे आई-वडील सर्कशीत झुल्यावरून पडतात. पडणारी शरीरे दिसत नाहीत. दिसते ती पडद्याबाहेरून झोका घेत परत येणारी रिकामी, तुटलेली दोरी. बस. खाली उभ्या पोराचा चेहरा. दोरी पुन्हा एकदा डोळ्यांपुढून जाते आणि आपल्या पोटात खड्डा पडतो. या कथेच्या पहिल्या भागाला १९९३ मध्ये रात्रीच्या मुख्य वेळेतल्या कार्यक्रमांसाठी असलेले प्राइमटाइम एमी पारितोषिक मिळाले. हार्वी डेंट या सरकारी वकिलाची कथाही तशीच. त्याच्या मनात लहानपणापासून दडपलेला राग आहे, तो मानसोपचारतज्ज्ञापुढे बसतो, बॅटमॅन त्याचा जिवलग मित्र आहे आणि तरी त्याला वाचवू शकत नाही. 'हार्ट ऑफ आइस' पॉल डिनीने लिहिला आणि टिमने दिग्दर्शित केला. व्हिक्टर फ्राइस हा शास्त्रज्ञ, त्याची बायको नोरा असाध्य आजाराने खंगलेली. उपाय सापडेपर्यंत त्याने तिला गोठवून ठेवलेले असते. कंपनीचा मालक पैसे वाया जातात म्हणून यंत्र बंद करायला लावतो आणि त्या झटापटीत फ्राइसचे शरीर असे बदलते की गोठणबिंदूखालीच तो जगू शकतो. याआधीच्या कॉमिक्समध्ये हा बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा एक किरकोळ चोर होता. मायकेल अन्सारा या नटाने त्याला भावना पुसून टाकलेला, यंत्रासारखा सपाट आवाज दिला, आणि म्हणूनच शेवटी तो आवाज किंचित हलतो तेव्हा ऐकणारा हलतो. लेखनासाठी डिनीला डेटाइम एमी मिळाले. १९५४ची संहिता कॉमिक्सपुरती होती, टीव्हीला ती लागू नव्हती. पण तिची सावली जिथे जिथे पडली होती तिथली ती त्या बावीस मिनिटांत पुसली गेली.

१९९२ हे वर्षच तसे होते. ऑक्टोबरअखेर फॉक्सवर 'एक्स-मेन' सुरू झाली. तिच्यातला वाद सरळ भेदभावाचा होता : जन्माने वेगळे असलेल्यांची सरकारदरबारी नोंद व्हावी का? पहिल्याच कथेत नायकांच्या गटातला एक मारला जातो. त्याच सुमारास टेड टर्नरच्या कंपनीचा 'कॅप्टन प्लॅनेट' हा पर्यावरणरक्षक नायक प्रदूषणाबरोबर इतर विषयांनाही हात घालत होता. नोव्हेंबर १९९२च्या एका भागात एचआयव्ही झालेल्या शाळकरी बास्केटबॉलपटूला गावाने वाळीत टाकलेले दाखवले होते. त्याच्या आईला आवाज दिला एलिझाबेथ टेलरने. एका भागात नायिकांपैकी एकीचा नात्यातला भाऊ अमली पदार्थाने मरतो. हे भाग कलेच्या दृष्टीने ओबडधोबड आहेत, उपदेश फार करतात. पण धाडस धाडसच असते.

आपल्याकडेही एक समांतर काम चालू होते आणि त्याचा उल्लेख अशा चर्चेत होत नाही, याची मला खंत वाटते. ॲनिमेशन महाराष्ट्राला परके नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' करून काड्यांना पडद्यावर चालवले होते. १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक मानले गेले. नव्वदच्या दशकात युनिसेफसाठी त्यांनी 'मीना' घडवली. शाळेत जायची जिद्द धरणारी खेड्यातली मुलगी आणि तिचा मिठू पोपट. घरात आंबा वाटताना मुलाला मोठी फोड आणि मुलीला लहान का, इथून तिची गोष्ट सुरू होते आणि हुंडा, बालविवाहापर्यंत जाते. मीनाला सुपरहिरोचा अंगरखा नाही, तिला उडता येत नाही. पण मोठ्यांनी लपवलेली गोष्ट मुलांसमोर उघडपणे बोलायची, हेच काम ती करत होती.

आता पुन्हा आमच्या गच्चीकडे. १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या बातम्यांनी भारतात उपग्रह वाहिन्यांची चटक लावली, हाँगकाँगहून स्टार आले, १९९२ मध्ये झी. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात दिसू लागले, ते टीएनटी या वाहिनीच्या जोडीने. दिवसा कार्टून आणि रात्र झाली की त्याच नंबरवर हॉलीवूडचे जुने कृष्णधवल चित्रपट. त्यामुळे माझ्या मनात या दोन गोष्टी कायमच्या एकमेकींत मिसळल्या आहेत. संध्याकाळचा काळा बॅटमॅन संपला की थोड्या वेळाने खरोखरच १९४०च्या टोप्या घातलेली माणसे पावसात भिजत उभी दिसायची, आणि ते एकाच शहरात घडते आहे असे वाटायचे.

मराठी माध्यमातल्या आम्हा पोरांच्या डोक्यावरून इंग्रजी संवाद जात. पण मालिकेच्या संगीतकार शर्ली वॉकर यांनी भाग न् भाग खऱ्या वाद्यवृंदावर वाजवून घेतला होता. प्रत्येक पात्राची धून वेगळी. कोण येते आहे, त्याचे काय बिनसले आहे, हे शब्दांआधी कानाला कळायचे. आजीला कळले ते तसेच. शिवाय मधल्या सुट्टीत एखादा मोठ्या वर्गातला मुलगा गोष्ट आपल्या मनाने जोडून सांगायचा. ती मूळ गोष्टीपेक्षा पुष्कळदा अधिक भयंकर असे.

१९९५च्या केबल कायद्याखाली जी कार्यक्रम संहिता लागू झाली, तिने मुलांच्या कार्यक्रमांत वाईट भाषा आणि उघड हिंसा नसावी, आणि मुलांसाठी अयोग्य कार्यक्रम मुले टीव्हीसमोर असतील त्या वेळी दाखवू नयेत, असे बजावले. कार्टून या कसोटीतून सहज पार होई. ते मुलांचेच, असे सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. आमच्या घरी कोणी म्हणाले नाही की हे पाहू नकोस. मोठ्यांचे लक्ष हिंदी गाण्यांवर आणि रात्रीच्या इंग्रजी सिनेमांवर. या दारातून शोक, वेड, सूड, अपराधीपणा हे सगळे आत आले आणि कोणी कडी लावली नाही. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

भारतात सुपरहिरोवरून खरा गदारोळ झाला तो कार्टूनमुळे नव्हे. १९९७ मध्ये दूरदर्शनवर मुकेश खन्नांचा 'शक्तिमान' सुरू झाला आणि बघता बघता देशभर पसरला. त्यातला खलनायक तमराज किल्विष, म्हणजे अंधाराचाच राजा. थोड्याच दिवसांत वर्तमानपत्रांत बातम्या येऊ लागल्या की शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुले उंचावरून उड्या घेतात, स्वतःला इजा करून घेतात. प्रत्येक बातमीमागचे कारण सिद्ध झाले होते असे नाही. पण घराघरांत भीती बसली. आमच्या गल्लीत गच्चीच्या दाराला कुलूप लागले. खन्ना स्वतः पडद्यावर येऊन मुलांना समजावू लागले आणि भागाच्या शेवटी चांगल्या सवयींचे धडे सुरू झाले. मला यात एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. शक्तिमानच्या जगात मूल पडत असले की नायक हमखास येत असे. डिक ग्रेसनच्या आई-वडिलांना वाचवायला कोणी आले नव्हते. तुटलेली दोरी पाहिलेल्या मुलाला उंचीचा अर्थ कळलेला असतो. हे मी शास्त्र म्हणून मांडत नाही, त्या गच्चीवर खेळलेला एक मुलगा म्हणून सांगतो.

अमेरिकेत याच वेळी बॅटमॅनची मालिका पुढच्या वळणावर आली होती. 'जोकर्स फेव्हर' या भागात डिनी आणि टिमने बॅटमॅनचा वैरी जोकर याची एक साथीदार म्हणून हार्ली क्विन निर्माण केली होती, फक्त त्या भागापुरती. ती लोकांना आवडली. १९९४ मध्ये दोघांनी तिच्या पूर्वायुष्यावर 'मॅड लव्ह' हे कॉमिक काढले आणि जानेवारी १९९९ मध्ये त्याचा टीव्हीवर भाग झाला. हार्ली ही मुळात वेड्यांच्या इस्पितळातली मानसोपचारतज्ज्ञ. रुग्ण असलेल्या जोकरवर तिचा जीव जडतो. त्याला खूश करायला ती बॅटमॅनला पकडून देते, तर तो चिडून तिला खिडकीतून खाली ढकलतो. शेवटी ती जायबंदी होऊन पडलेली आहे, याच्या नादी पुन्हा लागायचे नाही असे ठरवते आहे. तेवढ्यात तिला शेजारी फूल दिसते, त्याच्या हातची चिठ्ठी दिसते, आणि तिचा चेहरा पुन्हा उजळतो. इथेच भाग संपतो. मार खाऊन माहेरी आलेली आणि नवऱ्याने एक गजरा पाठवला की पुन्हा नांदायला गेलेली बाई ज्यांनी आपल्या वाड्यात पाहिली आहे, त्यांना हे कार्टून समजावून सांगावे लागत नाही. मुलांच्या टीव्हीवर घरातल्या मारहाणीबद्दल इतके खरे मी दुसरे काही पाहिलेले नाही.

तीनच महिन्यांनी, २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी बारा मुलांना आणि एका शिक्षकाला गोळ्या घातल्या. मुलांच्या करमणुकीतली हिंसा पुन्हा ऐरणीवर आली. 'बॅटमॅन बियाँड' या पुढच्या मालिकेवरचा 'रिटर्न ऑफ द जोकर' चित्रपट तयार होता, त्यात जोकर एका मुलाचा छळ करून त्याचे मन मोडतो आणि तो मुलगाच त्याला मारतो. डिसेंबर २००० मध्ये तो कापून, मृत्यूचे दृश्य बदलून बाहेर आला. मूळ रूप २००२ मध्ये आले. स्टुडिओची घबराट मी समजू शकतो. पण त्याच वर्षी 'स्टॅटिक शॉक' या कृष्णवर्णीय किशोर नायकाच्या मालिकेने 'जिमी' नावाचा भाग दाखवला : शाळेत सतत छळला जाणारा मुलगा बापाची बंदूक घेऊन येतो. कात्रीपेक्षा हे उत्तर मोठे होते.

भारतात कात्री चालली ती वेगळ्याच ठिकाणी. मुंबईच्या सेंट झेवियर्सच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने प्रौढांसाठीचे चित्रपट टीव्हीवर दाखवण्यास मनाई केली आणि ऑगस्ट २००६ मध्ये पोलिसांनी मुंबईत केबलचालकांवर छापे घातले, तेव्हा कित्येक चित्रपट वाहिन्या काही काळ दिसेनाशा झाल्या. २००८ मध्ये सरकारने 'शिनचॅन'वर बंदी घातली, कारण पाच वर्षांचे ते जपानी कार्टे मोठ्यांशी उद्धट बोलत होते. पुढे काटछाट होऊन तो परतला. म्हणजे कायद्याच्या नजरेला देह दिसला, उद्धटपणा दिसला. शोक दिसला नाही. २००८ मध्येच 'छोटा भीम' आला आणि ढोलकपूरच्या लख्ख उन्हात पुढची पिढी वाढली. त्या सुमारास मराठवाड्यात भारनियमन इतके होते की आमच्या भागात मुलांचा अर्धा कार्यक्रम अंधारातच जाई, पण पडद्यावर अंधार नव्हता.

मग २०२१ चे पहिले तीन महिने. करोनामुळे शाळा घरात आलेली, प्रत्येक मुलाच्या हातात फोन. २९ जानेवारीला 'द लीजेंड ऑफ हनुमान' ही ॲनिमेशन मालिका हॉटस्टारवर आली, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. हिंदीत रावणाचा आणि निवेदनाचा घनगंभीर आवाज शरद केळकरांचा. स्वतःची शक्ती विसरलेला, आपण कोण आहोत हे शोधणारा हनुमान, आणि भोवती खरोखरचे युद्ध. नाथ मंदिरातल्या कीर्तनाचा रंग मला पहिल्यांदा ॲनिमेशनमध्ये दिसला तो तिथे. २५ फेब्रुवारीला केंद्र सरकारने ऑनलाइन मंचांसाठी नवे नियम जाहीर केले, त्यात कार्यक्रमांची वयानुसार वर्गवारी आली : सर्वांसाठी, सात, तेरा, सोळा वर्षांपुढील आणि फक्त प्रौढांसाठी. आणि २५ मार्चला ॲमेझॉनवर 'इन्व्हिन्सिबल' सुरू झाली.

रॉबर्ट कर्कमनच्या कॉमिकवरची ही मालिका पहिल्या भागात जवळजवळ शेवटपर्यंत शनिवार सकाळच्या कार्टूनसारखीच दिसते. उजळ रंग, सरळ रेषा, बापासारखे उडायला शिकणारा मुलगा. शेवटच्या काही मिनिटांत तो बाप, जगाचा लाडका रक्षक, आपल्याच साथीदारांना एकेक करून ठार मारतो आणि काहीही झाकले जात नाही. तिचे नाव आज सगळीकडे रक्तामुळे घेतले जाते. मला ती दृश्ये दुसऱ्यांदा पाहवली नाहीत. लक्षात राहिली ती डेबी, त्या माणसाची बायको. तिला संशय येतो, ती रक्ताने माखलेला पोशाख शोधून काढते आणि वीस वर्षांचा संसार हातात धरून बसते. तिथे आवाज नाही, मारामारी नाही. बंदी उठल्यावर ॲनिमेशनला काहीही दाखवता येऊ लागले, तरी त्याची ताकद अजून त्याच जागी आहे जिथे १९९२ मध्ये होती, असे मला तेव्हा वाटले.

माझी पुतणी बारा वर्षांची आहे. तिला 'इन्व्हिन्सिबल' पाहायची होती, वर्गातल्या मुलांनी पाहिली म्हणून. तिच्या बाबांनी फोनला कुलूप घातलेले आहे आणि ते योग्यच आहे. मागच्या दिवाळीत ती औरंगपुऱ्याच्या घरी आली तेव्हा मी तिला म्हटले, चल, दुसरे दाखवतो. आम्ही दोघे जुन्या खोलीत बसलो आणि 'हार्ट ऑफ आइस' लावला. खाली मंडईकडून फटाक्यांचे आवाज येत होते. ती गप्प बसून पाहत होती. संपल्यावर तिने विचारले, "काका, त्याची बायको पुढे वाचते का?"

मी सांगितले की वाचते. १९९८ च्या एका चित्रपटात डॉक्टर तिला बरी करतात. तोवर तो दूर उत्तर ध्रुवाकडे निघून गेलेला असतो, सगळ्यांना वाटते मेला. एका रात्री बर्फात लंगडत जाताना त्याला एका संशोधन केंद्राच्या खिडकीतून आतला टीव्ही दिसतो आणि बातम्यांत ती दिसते. तो बाहेरच उभा राहून पाहतो, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येते.

"मग तो आत का जात नाही?" ती म्हणाली.